फ्री गेममध्ये पहिला टॉपअप मारण्याआधी हे वाचा

गेम फ्री होता. डाउनलोड करताना कुणी एक पैसा मागितला नाही, उलट पहिले दोन आठवडे गेमच मला काही ना काही देत होता, लॉगिन केलं की हिरे (म्हणजे गेममधलं चलन), लेव्हल वाढली की हिरे, सर्व्हर बंद पडला तर सॉरी म्हणून पुन्हा हिरे. चौदा महिन्यांनी मी सहज मेलमध्ये ‘रिसीट’ असं सर्च केलं तर ६३ मेल निघाले. त्यातला एकही मोठ्या रकमेचा नव्हता आणि गोची तीच होती. बेरीज केली तर तेवढ्यात नवाकोरा फोन आला असता, आणि मी हे सगळं खेळत होते ते तासाभरात तव्यासारख्या तापणाऱ्या जुन्या फोनवर.

पैसे घालूच नका असं सांगायला मी बसलेली नाही. मी अजूनही घालते. फक्त आता घालताना मला माहीत असतं की किती, कशासाठी आणि वाईटात वाईट काय हातात येईल. हे मला शिकायला चौदा महिने लागले, तुम्हाला एका बैठकीत कळलं तर बरंच आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही किंवा शीट, चार रकान्यांची: तारीख, खरे पैसे, काय घेतलं, का घेतलं. चौथा रकाना सोडू नका, महिन्याने वाचताना सगळ्यात जास्त हसू त्याच्यावरच येतं.
- तुमचा गेममधला यूआयडी (खेळाडू म्हणून मिळालेला नंबर) आणि सर्व्हरचं नाव, स्क्रीनशॉट काढून ठेवलेलं.
- अकाउंट ज्या मेलला जोडलंय त्याचा पासवर्ड आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी). अजून ‘गेस्ट’ म्हणून खेळत असाल तर अकाउंट आत्ताच मेलला बाइंड करा, म्हणजे जोडा, गेस्ट अकाउंटवर पैसे घातले आणि फोन बिघडला की सगळं गेलं समजा.
- पावत्यांसाठी मेलमध्ये वेगळं फोल्डर.
- कॅल्क्युलेटर. खरंच.

१) दुकानात नेमकं काय विकायला ठेवलंय ते ओळखा

सगळे फ्री गेम सारखे नसतात. मी दुकान उघडलं की सगळा माल चार ढिगात टाकते: रूप, सोय, नशीब आणि ताकद.

रूप म्हणजे कपडे, पंख, शस्त्राला लागणारी आग वगैरे. त्याने तुम्ही जिंकत नाही, नुसते भारी दिसता. सोय म्हणजे सामान ठेवायला जास्त जागा, पटकन प्रवास, पडलेलं सामान आपोआप उचलणारं पेट, म्हणजे पाळीव प्राणी. पाथ ऑफ एक्झाइल २०१३ पासून मुख्यतः या दोन ढिगांवर चाललाय, त्यात लोक पैसे घालतात ते स्टॅश टॅबवर, म्हणजे सामान ठेवायच्या कप्प्यांवर, आणि दिसण्यावर. वॉरफ्रेम पण २०१३ चाच, त्यात प्लॅटिनम नावाचं विकतचं चलन आहे पण ते खेळाडू आपापसात व्यापारात वापरतात, म्हणजे तुम्ही दुर्मिळ पार्ट शोधून दुसऱ्याला विकला तर खिशात हात न घालता प्लॅटिनम तुमच्याकडे येतं. गिल्ड वॉर्स २ मध्ये गेममधलं सोनं देऊन जेम, म्हणजे तिथलं विकतचं चलन, घेता येतात. अशा ठिकाणी तुमच्या वेळेला भाव असतो, नवीन माणसाला ते सोपं जातं.

नशीब म्हणजे गाचा. पैसे द्यायचे, पुल करायचा, म्हणजे सोडतीची एक चिठ्ठी काढायची, काय निघेल ते निघेल. २०२० साली आलेला गेन्शिन इम्पॅक्ट आणि त्याच्या मागून आलेली सगळी रांग इथली.

ताकद हा सगळ्यात खोल खड्डा. शस्त्र +१ पासून वर वर नेत जायचं, प्रत्येक पायरीला फेल होण्याची शक्यता, आणि फेल झालं तर शस्त्र तुटू नये म्हणून ‘प्रोटेक्शन’ वेगळं विकत. त्यात जर व्हीआयपी लेव्हल असतील, म्हणजे आजवर किती पैसे घातले त्यावर बक्षीस, आणि दर थोड्या दिवसांनी नवा सर्व्हर उघडून जुने एकमेकांत मर्ज होत असतील, तर हा गेम कुणासाठी बनवलाय ते ओळखा. नव्या सर्व्हरवर पहिल्या आठवड्यात जो एक नंबर असतो तो मर्ज झाल्यावर दुसऱ्या सर्व्हरच्या एक नंबरसमोर उभा राहतो, आणि मग दोघंही परत दुकानात. तुम्ही आम्ही त्यांच्या मारामारीतला बॅकग्राउंड असतो. असे गेम मी फुकट खेळते किंवा खेळतच नाही.

२) हिरे मोजू नका, पैसे मोजा

सगळा खेळ इथे आहे म्हणून जरा थांबून वाचा. दुकान तुम्हाला कधीच सरळ ‘एक पुल इतक्याला’ असं सांगत नाही. आधी पैशाचे क्रिस्टल, क्रिस्टलचे हिरे, हिऱ्यांचं तिकीट, आणि तिकिटाचा पुल. प्रत्येक पायरीवर खरी रक्कम थोडी थोडी पुसट होते, आणि शेवटी १६० हिरे म्हणजे काय याची डोक्यात कुठलीच किंमत उरत नाही.

गेन्शिनचंच गणित घ्या कारण त्याचे आकडे उघड आहेत. एक पुल १६० प्रिमोजेमचा, म्हणजे तिथल्या हिऱ्यांचा. पॅक येतात बोनस धरून ६०, ३३०, १०९०, २२४०, ३८८० आणि ८०८० क्रिस्टलचे, एका क्रिस्टलचा एक प्रिमोजेम. आता भागून बघा. ६० मध्ये एकही पुल येत नाही. ३३० मध्ये दोन येतात आणि १० उरतात. १०९० मध्ये सहा, १३० उरतात. ३८८० मध्ये २४, ४० उरतात. सगळ्यात मोठ्या ८०८० मध्ये ५० पुल आणि ८० उरतात. बरोबर भाग जातो तो फक्त २२४० च्या पॅकला, १४ पुल. उरलेले हिरे खिशात खुळखुळत राहतात आणि ‘अजून थोडे घातले की एक पुल होतोय’ असं वाटत राहतं. मला तर ते १३० वाले दिवस अजून आठवतात, तीस हिऱ्यांसाठी मी अख्खं पॅक घेतलंय.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिनच्या प्रकाशकाबरोबर २ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यात या चलनांच्या साखळीवरच बोट होतं, आणि लूट बॉक्स (नशिबाची पेटी) थेट खऱ्या पैशात घेण्याचा पर्याय द्या, चलनांचे दर आणि शक्यता नीट सांगा अशा अटी घातल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनीही गेममधल्या चलनाबद्दल तत्त्वं मांडली, खरी किंमत पैशात दिसली पाहिजे आणि नको तेवढं चलन गळ्यात मारू नका, अशा धर्तीची.

तर करायचं काय: तुम्ही घेणार असलेल्या पॅकची खरी रक्कम भागिले त्यातून पूर्ण होणारे पुल. उरलेले हिरे धरायचेच नाहीत. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या गेममध्ये तो आकडा लिहिल्यावर मी दहा पुलचं बटण दाबायच्या आधी पहिल्यांदा थांबले.

३) टक्केवारी आणि पिटी, नीट समजून घ्या

बॅनर म्हणजे ठरावीक मुदतीची सोडत, जिच्यात एखादं खास कॅरेक्टर किंवा वस्तू ठेवलेली असते. त्यावर कुठेतरी ‘डिटेल्स’ असं बारीक बटण असतं. ते दाबा. ॲपलने २०१७ च्या शेवटी आणि गुगल प्लेने २०१९ मध्ये नियम केला की पैसे घेऊन नशिबाची वस्तू विकत असाल तर शक्यता दाखवायला हवी, चीनमध्ये तर २०१७ च्या मे महिन्यातच तसा नियम आला होता. म्हणजे आकडे असतात, आपण बघत नाही.

आता १ टक्का म्हणजे काय? आपल्याला वाटतं १०० पुल केले की एक येणारच. नाही येत. शंभर पुल करणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण ३७ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. ३०० पुल केले तरी शंभरातले पाच कोरडेच. आणि तुम्ही त्या पाचात नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

म्हणून पिटी असते. पिटी म्हणजे इतके पुल झाले की देणारच अशी हमी. गेन्शिनच्या कॅरेक्टर बॅनरवर पाच स्टारची, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ दर्जाची, मूळ शक्यता ०.६ टक्के, हमी ९० व्या पुलला, आणि खेळाडूंच्या नोंदींप्रमाणे साधारण ७४ च्या पुढे शक्यता भराभर वाढते. पिटी नसती तर ९० पुलमध्ये मिळण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. पण थांबा, ९० ला पाच स्टार मिळतो, तुमचा पाच स्टार मिळेलच असं नाही. पहिल्यांदा मिळतो तेव्हा साधारण अर्धी शक्यता जुन्या नेहमीच्या कॅरेक्टरची असते, ज्याला खेळाडू फिफ्टी-फिफ्टी हरणं म्हणतात. हरलात तर पुढचा नक्की तुमचा. म्हणजे पक्की किंमत ९० नाही, १८० पुल. १८० गुणिले १६०, २८,८०० प्रिमोजेम. मोठ्यातले मोठे तीन पॅक घेतले तरी १५१ पुल होतात, हमीला चौथं लागतं.

माझं जे झालं ते दुसऱ्याच एका गेममध्ये पण गणित हेच. माझ्याकडे ७० पुलचे हिरे साठलेले, मी म्हटलं थोडंच कमी पडतंय, एक पॅक घेतलं, ८२ ला सोनेरी उजेड (दुर्मिळ काही निघाल्याची खूण) आला, मी उडी मारली, आणि त्यातून निघाला तो दाढीवाला योद्धा जो माझ्याकडे आधीच दोनदा होता. रात्रीचा दीड वाजलेला. त्या क्षणी डोकं म्हणतं की आता तर पुढचा पक्का आहे, आता सोडलं तर आधीचं वाया जाईल. आधीचं वाया गेलेलं नसतंच, त्या गेममध्ये हमी पुढच्या बॅनरला तशीच राहत होती, मी डिटेल्स वाचले असते तर महिनाभर थांबून फुकटात जमवता आली असती. मी वाचले नव्हते. मी अजून दोन पॅक घेतली.

म्हणून डिटेल्सच्या पानावर चार गोष्टी शोधा आणि लिहून ठेवा. मूळ शक्यता किती. हमी कितव्या पुलला. ती हमी नक्की कशाची, कुठल्याही सोनेरी वस्तूची का बॅनरवरच्या वस्तूची. आणि बॅनर संपला की मोजणी पुढे जाते का शून्यावर येते. ही चौथी सगळ्यात महत्त्वाची. ग्रॅनब्लू फँटसीमध्ये ३०० ड्रॉ झाले की हवं ते निवडता येतं, पण ते त्याच बॅनरच्या मुदतीत करावं लागतं, २२० वर अडकलात आणि मुदत संपली तर तुमची २२० ची मेहनत पुढच्या बॅनरला कामाची नाही. अशा गेममध्ये ३०० जमलेले नसतील तर पहिला पुलसुद्धा करू नये.

अजून एक जुना सापळा. सहा तुकडे गोळा करा, सगळे झाले की मोठं बक्षीस. पाच मिळाले की वाटतं संपत आलंच. सगळ्या तुकड्यांची शक्यता सारखी असली तरी तो शेवटचा एकटा सरासरी सहा पुल खातो, आणि सहाही जमवायला सरासरी १५ च्या जवळ लागतात, त्यात एखादा तुकडा मुद्दाम दुर्मिळ ठेवला असेल तर विचारूच नका. जपानमध्ये २०१२ साली याच प्रकारावर, कम्प्लीट गाचावर, बंदी आली.

आणि दाखवलेली टक्केवारी तरी खरी असते का? बहुतेक वेळा असते. पण दक्षिण कोरियात २०२४ च्या जानेवारीत मेपलस्टोरीच्या क्यूब नावाच्या वस्तूवरून नेक्सॉनला ११.६ अब्ज वॉनचा दंड झाला, खेळाडूंना न सांगता लोकप्रिय पर्यायांच्या शक्यता कमी केल्या होत्या आणि काही जोड्यांची शक्यता तर चक्क शून्य होती. लोक वर्षानुवर्षं शून्यासाठी पैसे घालत होते. त्याच वर्षी मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्यानेच सक्तीचं झालं.

शस्त्र वाढवण्याला हेच लागू. ५ टक्के यश म्हणजे सरासरी २० प्रयत्न, पण २० प्रयत्नांनंतरही शंभरातले ३६ जण जागच्या जागी. लॉस्ट आर्कमध्ये निदान फेल झालं की एक मीटर भरत जातो आणि तो पूर्ण भरला की यश पक्कं. तुमच्या गेममध्ये असा मीटर नसेल तर या भागात पैसे घालायचेच नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

४) पहिला महिना खिसा बंद

३० दिवस. एकही टॉपअप नाही. कारण सोपं आहे, नवा गेम पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फुकट देतो आणि तुम्हाला सगळ्यात कमी कळत असतं. पहिल्या आठवड्यात मी जे घेतलं ते तिसऱ्या आठवड्यात मला गेमने स्टोरीत फुकट दिलं.

या महिन्यात करायचं ते असं: फुकट हिरे साठवा, स्टँडर्ड बॅनरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या नेहमीच्या सोडतीवर, उडवू नका. डेली, म्हणजे रोजची छोटी कामं, रोज करा आणि आठवड्याला किती हिरे जमले ते लिहा, म्हणजे हमीपर्यंत फुकटात किती आठवडे लागतील ते कळेल. सुरुवातीला री-रोल, म्हणजे चांगलं काही निघेपर्यंत नवं अकाउंट उघडून पुन्हा सुरुवात, करायचा असेल तर अकाउंटवर एक पैसा गेलेला नसतानाच करा.

‘फक्त ४७ मिनिटं बाकी’ वाले पॅक येतील. बॉसकडून तीनदा मार खाल्लात की बरोबर त्याच क्षणी ‘तुमच्यासाठी खास’ येईल, तो योगायोग नाही. ‘८०० टक्के व्हॅल्यू’ लिहिलेलं असेल, कशाच्या ८०० टक्के ते कधीच लिहिलेलं नसतं. पहिल्या टॉपअपला दुप्पट हिरे ही ऑफर मात्र बहुतेक ठिकाणी मुदतीशिवाय पडून असते, ती कुठे पळून जात नाही, महिन्याने घ्या.

५) घालायचेच ठरले तर या क्रमाने

आधी मंथली पास. का ते आकड्यात बघा: गेन्शिनमध्ये ज्या किमतीत ३३० क्रिस्टलचं पॅक येतं त्याच किमतीत मंथली पास येतो, तो लगेच ३०० देतो आणि पुढचे ३० दिवस रोज ९०, म्हणजे एकूण ३०००. नऊपट. पण यातली मेख अशी की त्या दिवशी लॉगिन केलं नाही तर त्या दिवसाचे ९० गेले. म्हणजे तुम्ही पैसे पण देता आणि रोज हजेरी पण लावता. परीक्षा, प्रवास, आजारपण अशा महिन्यात घेऊ नका. मी एकदा दहा दिवस नेट नसलेल्या ठिकाणी जाणार होते आणि आदल्या दिवशीच पास संपला म्हणून रिन्यू करून बसले, सवयीने.

मग बॅटल पास, म्हणजे सीझनभर खेळून लेव्हल गाठत बक्षिसं मिळवायचा पास. हा कधीही सीझनच्या सुरुवातीला घेऊ नका. बहुतेक गेममध्ये शेवटच्या दिवशी घेतला तरी गाठलेल्या लेव्हलपर्यंतचं सगळं मागचं बक्षीस एकदम मिळतं. तेव्हा आधी खेळा, शेवटच्या दोन दिवसात बघा कुठवर पोचलात, मग ठरवा. अर्ध्या वेळा तुम्हाला कळेल की तुम्ही तेवढं खेळलेलाच नाहीत.

सामानाची जागा कायमची वाढत असेल तर एकदाच घेतलेली परवडते.

सुटे हिरे सगळ्यात शेवटी, आणि तेही हमीला जेवढे कमी पडतायत तेवढ्यापुरतेच. म्हणजे माझा नियम असा की हमीच्या हिशोबाने ८० टक्के हिरे फुकटात जमल्याशिवाय कार्डाला हात नाही.

स्टॅमिना, म्हणजे खेळायला लागणारी, खर्च होऊन हळूहळू भरणारी ऊर्जा, कधी विकत घ्यावा? रोज तर मुळीच नको. गेन्शिनमध्ये ८ मिनिटाला १ रेझिन (तिथला स्टॅमिना) आपोआप भरतं, ५० प्रिमोजेम देऊन ६० रेझिन मिळतं, म्हणजे तुम्ही आठ तासांची वाट विकत घेताय, आणि त्याच दिवशी परत परत घेतलं तर दर वाढत २०० पर्यंत जातो. झोपलात तरी तेवढंच भरतं.

६) टॉपअप कुठून

गेमच्या आतून, नाहीतर गेम कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. बस.

निम्म्या भावात हिरे देणारे सगळीकडे असतात. त्यातले काही चोरीच्या कार्डावरून टॉपअप करतात, कार्डाचा मालक तक्रार करतो, व्यवहार उलटतो आणि तुमच्या अकाउंटवर हिरे उणे होतात. उणे झालेलं अकाउंट भरपाई होईपर्यंत लॉक, कधी कधी कायमचं बॅन. काही जण तर ‘लॉगिन द्या, आम्ही आतून भरून देतो’ म्हणतात. लॉगिन दिलंत तर पुढचं मी सांगायला नको.

तयार अकाउंट विकत घेणं यातलंच. मूळ मालक सहा महिन्यांनी पहिल्या पावतीचा फोटो दाखवून सपोर्टकडून अकाउंट परत घेतो. पहिली पावती जपून ठेवा म्हणते ते याचसाठी, तुमचं अकाउंट चोरीला गेलं तर सपोर्ट बऱ्याचदा तीच मागतो.

वेबसाइटवरून भरताना यूआयडी आणि सर्व्हर दोनदा तपासा. एक आकडा चुकला आणि त्या आकड्याचा कुणीतरी खरंच अस्तित्वात असला तर त्याचा वाढदिवस झाला समजा.

७) फोन आधी बांधून घ्या, विशेषतः घरात मुलं असतील तर

माझ्या भाच्याने ताईच्या फोनवरून एका संध्याकाळी अकरा पॅक घेतली. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, मी पैसे नाही घेतले गं, मी तर फक्त हिरे घेतले.’ तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसंच वाटत होतं, दुसऱ्या मुद्द्यात लिहिलंय तेच सगळं.

असं जगभर झालंय. ॲपलने २०१४ मध्ये अमेरिकेत निदान ३.२५ कोटी डॉलर पालकांना परत द्यायचं कबूल केलं, तेव्हा मुद्दा असा होता की पासवर्ड एकदा टाकला की पुढची १५ मिनिटं मुलं न विचारता घेत राहू शकत होती. आता सेटिंग आहेत, पण ती आपण लावायची असतात. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन इन-ॲप पर्चेस बंद करता येतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागा असं ठेवा, मधला ढिला पर्याय घेऊ नका. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट पण लावता येतं, पण ते नुसतं सांगतं, अडवत नाही. अडवायचं असेल तर मुख्य कार्ड काढून टाका आणि गिफ्ट कार्ड वापरा, महिन्याला एक. संपलं की संपलं. मोठ्यांनाही हे लागू, मी स्वतः असंच करते, रात्री दीड वाजता गिफ्ट कार्ड आणायला कुणी उठत नाही.

८) पैसे चुकून गेले तर

घाई करा आणि हिरे वापरू नका. वापरलेल्या हिऱ्यांचा रिफंड मिळणं फार अवघड. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत गुगलकडेच अर्ज करा, त्यानंतर ते बहुधा गेम कंपनीकडे पाठवतात. ॲपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं पान आहे, तिथे पावती निवडून कारण लिहायचं. लागणारे कागद: ऑर्डर नंबर असलेली पावती, यूआयडी, सर्व्हर, हिरे तसेच पडून असल्याचा स्क्रीनशॉट, आणि मुलाने केलं असेल तर तसं स्पष्ट दोन ओळीत. भाच्याच्या अकरापैकी नऊचे पैसे परत आले. दोन पॅक त्याने उडवली होती.

बँकेकडून थेट व्यवहार उलटवणं हा शेवटचा उपाय. पैसे येतील पण अकाउंट जाईल असं धरूनच करा.

९) गिल्ड

गिल्ड म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्यांचा गट. यावर कुणी बोलत नाही. माझ्या ६३ पावत्यांपैकी कितीतरी मी जिंकायला नाही, लाजेखातर घेतल्या. गिल्ड वॉर आहे, सगळे तयार, माझा हीलर (बाकीच्यांना बरं करणारं कॅरेक्टर) कमी पडतोय, कुणी काही बोललं नाही पण मला वाटलं. काही गेममध्ये तर तुम्ही पॅक घेतलं की अख्ख्या गिल्डला पेटी मिळते, चॅटमध्ये तुमचं नाव झळकतं आणि वीस जण थँक्यू म्हणतात. ते थँक्यू फार गोड लागतं हो. यावर उपाय एकच सापडला, नवीन गिल्डमध्ये शिरताना पहिल्याच दिवशी लिहायचं की मी फक्त मंथली पास घेते. चांगल्या गिल्डला काही फरक पडत नाही. ज्यांना पडतो ते दोन दिवसात काढून टाकतात, सुटलात.

आणि व्हेल लोकांचे, म्हणजे बेसुमार पैसे घालणाऱ्यांचे, व्हिडिओ बघून स्वतःचं अकाउंट मोजू नका. एकाच कॅरेक्टरच्या सात कॉपी काढणाऱ्याचं बजेट वेगळं असतं, कधी कधी तर व्हिडिओच त्याचा धंदा असतो.

१०) गेम बंद होतो तेव्हा

होतोच कधीतरी. ड्रॅगालिया लॉस्ट २०१८ मध्ये आला, निन्टेंडोसारखं नाव पाठीशी होतं, ३० नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद झाले. तुम्ही घेतलेलं कॅरेक्टर तुमचं नसतं, वापरायची परवानगी असते, आणि ते ‘ॲग्री’ दाबताना आपण मान्य केलेलं असतं.

खुणा ओळखा: नवीन कंटेंट न येता जुनेच इव्हेंट पुन्हा पुन्हा, अपडेटमधलं अंतर वाढणं, अचानक फार स्वस्त आणि फार मोठे पॅक. असं दिसलं की साठवलेले हिरे मजेत उडवा पण नवीन पैसे घालू नका. बंद होण्याची घोषणा झाली की टॉपअप बहुधा लगेच थांबवतात, आणि न वापरलेल्या विकतच्या हिऱ्यांचे पैसे परत द्यायची सोय काही ठिकाणी असते, तिची मुदत छोटी असते, नोटीस शेवटपर्यंत वाचा. चालू असलेलं सबस्क्रिप्शन मात्र स्टोअरमध्ये जाऊन स्वतः रद्द करायचं, गेम फोनवरून उडवल्याने ते थांबत नाही. माझं एक, तीन महिने, असंच चालू होतं.